माणसं नसलेली अकरा चित्रं

डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी कॉफीच्या यंत्राशी भांडत होतो. यंत्राने नाणं गिळलं होतं, कप दिला होता आणि कॉफी दिली नव्हती. डॉक्टर म्हणाला, "आम्ही सगळे प्रयत्न केले." मी रिकामा कप हातात धरून "बरं" म्हणालो. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. सकाळी छातीत जरा जड वाटतंय म्हणून आमची ही स्वतःच्या पायांनी चालत आली होती. आत जाताना मला सांगून गेली होती, "अहो, ब्रश पाण्यात राहिलाय. घरी गेलात की काढून ठेवा, नाहीतर केस वाकतात." दुपारी ती संपली होती.

त्या एका दुपारी ती कुठे गेली आहे हे मला पाच जणांनी सांगितलं आणि पाचही पत्ते वेगळे होते. नर्स म्हणाली, ती आता शांत झोपली आहे. फरशी पुसणारा म्हणाला, उजेडात गेली. शेजारीण फोनवर म्हणाली, ती पुन्हा जन्म घेईल, चांगल्या घरात. मी म्हणालो, "का, माझं घर काय वाईट होतं?" तिने फोन ठेवला. ऑफिसातला जुना साहेब म्हणाला, ती तुमच्या आठवणीत आहे, म्हणजे तिला ठेवून घ्यायची जबाबदारीही माझ्यावरच. आणि खाली उतरताना लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "देवाला चांगली माणसं लवकर लागतात."

मी म्हणालो, "मग तुम्हाला भरपूर आयुष्य आहे."

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. देव, आत्मा, वरची शक्ती यातलं काही मानलं नाही. वर काय असतं ते मला माहीत आहे. मोटर असते, आणि तिला वेळेवर ग्रीस लागतं.

हिचं मात्र सगळं डोकं त्या विषयात अडकलं होतं. ही चित्रं काढायची. पुस्तकांसाठी, मासिकांसाठी, कधी औषधाच्या खोक्यावरसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या संग्रहालयाने तिला मोठं काम दिलं. 'माणूस काय मानतो' असं एक दालन करायचं होतं, आणि त्यात दाराएवढी उंच बारा चित्रं हवी होती. प्रत्येक चित्र एकेका श्रद्धेचं, एकेका समजुतीचं. दालनाची रचना एका डिझायनरकडे होती. त्याला तुम्ही काहीही दाखवा, तो त्याच्याभोवती गोल काढायचा आणि गोलाखाली एक शब्द लिहायचा. हिने त्याचं नाव वर्तुळराव ठेवलं होतं.

पहिल्याच बैठकीत वर्तुळरावने हिला सांगितलं, प्रत्येक धर्माला एक रंग, एक चिन्ह आणि एक हसरा माणूस द्या. ही घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "अहो, याला दालन नको आहे, खेळायचे पत्ते हवे आहेत."

मग हिने स्वतःची रीत काढली, आणि तिचं मूळ माझ्या लिफ्टमध्ये होतं. ही म्हणायची, लिफ्टमधली माणसं बघा, कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे मान वर करून एकाच आकड्याकडे बघत असतात, यांच्याइतकं भाविक कुणी नाही. पण तुम्ही बाहेरून त्यांचं चित्र काढलंत तर ती नुसती बावळट दिसतात. आकडा काढलात तर कळतं. तर ही करायची काय, जिथे लोक प्रार्थना करतात तिथे जायची, ते बसतात तिथे बसायची, वाकतात तिथे वाकायची, आणि तिथून जे दिसतं ते काढायची. देव नाही, चिन्ह नाही आणि माणूसही नाही. माणसाला जे दिसतं तेवढंच. चित्रासमोर जो उभा राहील तोच त्या चित्रातला माणूस.

लोकांना ती विचारायचीसुद्धा तसंच. "काय मानता" हे कधीच विचारलं नाही. "बसल्यावर समोर काय दिसतं?" एका म्हाताऱ्या सुताराने सांगितलं, पुढच्या बाकाची पाठ दिसते, तिच्यावर कुणीतरी खिळ्याने ओरखडा काढलाय, तो चाळीस वर्षं बघतोय आणि चाळीस वर्षं वाटतंय की पॉलिश मारावं. हिने तो ओरखडा काढला. एकीला प्रार्थनेत फक्त शेजारी बसवलेल्या पोराच्या बुटाची सुटलेली नाडी दिसायची. हिने नाडी काढली. जमिनीला कपाळ टेकणाऱ्या माणसाला गालिचाची वीण दिसते, नाकापासून दोन बोटांवर. हिने तीन महिने ती वीण काढली, घरात लोकरीशिवाय दुसरा विषय नव्हता. वेधशाळेतली एक बाई म्हणाली, मी फक्त मोजता येतं तेवढंच मानते. तिच्यासाठी हिने तिच्या कॉम्प्युटरचा काळा पडदा काढला. त्याच्यावर ताऱ्यांचे ठिपके, बिस्किटाचा चुरा, आणि कुठला ठिपका कशाचा ते ओळखू येत नाही.

माझी मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, रोज पहाटे डोळे मिटून बसते. ही तिच्यासमोर पाट घेऊन बसली.

"काय दिसतंय?"

"काही नाही गं ताई. अंधार."

"कसला अंधार? काळा की तांबडा?"

"तांबडा. तिकडे खिडकी आहे ना."

"डावीकडे जास्त तांबडा की उजवीकडे?"

"ताई, मी ध्यान करतेय की डोळे तपासून घेतेय?"

पण तिने सांगितलं, आणि हिने तो अंधार काढला. दाराएवढा मोठा, डावीकडे खालच्या कोपऱ्यात जरा नारिंगी. मी या चित्राला हसलो होतो. मग एकदा दुपारी डोळे मिटून खुर्चीत पडलो तर तोच रंग दिसला.

अशी अकरा झाली. बारावं होतं काहीच न मानणाऱ्या माणसाचं. ही म्हणाली, ते काम घरच्या घरी होईल.

"अहो, काही न मानणारा माणूस निवांत बसतो तेव्हा काय बघतो?"

"समोर असेल ते."

"समोर काय आहे?"

"तू. आणि तुझ्या प्रश्नांमुळे थंड झालेला चहा."

"हे उत्तर नाही, तक्रार आहे. नीट बघून सांगा."

मी म्हटलं, सांगतो. तोवर हात रिकामा राहू नये म्हणून हिने माझंच एक चित्र काढलं, मोठ्या कागदावर. मी खिडकीशी बसून, पाय स्टुलावर ठेवून, मान खाली घालून अंगठ्याचं नख कापत होतो. म्हणाली, "हे दालनात लावायचं नाही हं, हे माझ्यासाठी." त्यानंतर आठवडाभरात आम्ही त्या कॉफीच्या यंत्रापाशी पोचलो.

संध्याकाळी घरी आल्यावर मी पहिल्यांदा ब्रश पाण्यातून काढला. केस वाकलेच होते.

वर्तुळराव भेटायला आला. काळा शर्ट घालून आला होता, पण तो एरवीही काळाच घालतो, त्यामुळे ते माझ्यासाठी की त्याच्यासाठी ते कळलं नाही. म्हणाला, "काका, त्यांची दृश्यभाषा फार वेगळी होती." मग म्हणाला, "काम पुढे न्यायला हवं. तीच खरी श्रद्धांजली." मी हिच्या कपाटातून कागदांची गुंडाळी काढून दिली. उलगडून बघायची माझ्यात तेव्हा ताकद नव्हती. आत माझं नखांचं चित्रही होतं, ते मला नंतर कळलं.

उद्घाटनाच्या आधी संग्रहालयाच्या बाईंनी मला बघायला बोलावलं. बाई म्हणजे तिथल्या प्रमुख, बोलायला सरळ. मेहुणीही सोबत आली. दालनात शिड्या उभ्या होत्या, जमिनीवर चिकटपट्टीचे तुकडे, सगळीकडे गोंदाचा वास. आणि दारातच, छतापासून जमिनीपर्यंत, एक माणूस मान खाली घालून बसला होता. क्षणभर मला वाटलं, या माणसाला आपण कुठेतरी पाहिलंय, फारसा आवडला नव्हता. मग ओळखलं. तो मी होतो.

माझ्या हातातलं नेलकटर गायब होतं. त्याच्या जागी ओंजळीतून सोनेरी उजेड येत होता. पाय धुक्यात गेला होता. माझ्याभोवती एक मोठा गोल, आणि गोलाखाली एक शब्द: शरणागती.

वर्तुळराव शिडीवरून उतरला. "ओळखलंत?"

"ओळखलं. मी नखं कापतोय."

"नाही काका, ही एक अवस्था आहे. समर्पणाची."

"अंगठ्याचं नख आहे. ते आत वाढतं."

मेहुणी तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली. मी आत गेलो.

अकराही चित्रं होती. अकराही चित्रांवर माणसं होती. बाकाच्या ओरखड्यावर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा हात जोडून बसवला होता, इतका स्वच्छ की त्याने आयुष्यात कधी रंधा धरला नसावा. गालिचाच्या विणीवर, ज्या विणीने तीन महिने माझं डोकं खाल्लं, ओळीने सहा जण हसत उभे होते, गालिचा त्यांच्यामागे भिंतीच्या कागदासारखा लावलेला. नाडीचा बूट झाकला गेला होता आणि त्याच्यासमोर एक आई आणि एक पोर, दोघांचे दात सारखे. सगळ्यांभोवती गोल.

मी विचारलं, "ही कोण माणसं?"

वर्तुळराव मवाळ आवाजात म्हणाला, "मॅडमनी पार्श्वभूमी करून ठेवल्या होत्या. माणसं काढायची राहून गेली होती. आम्ही फार जपून, त्यांच्याच शैलीत पूर्ण केली. तिघा चित्रकारांनी रात्रंदिवस काम केलंय."

"राहून गेली होती असं कोण म्हणालं?"

"अहो, दिसतंच आहे ना. एकाही चित्रात माणूस नाही. फक्त तुमच्या चित्रात आहे. तेच एक पूर्ण होतं. त्यावरूनच आम्ही बाकीची बेतली."

तिथे रंगाचा एक डबा होता. मी त्याच्यावर बसलो आणि हसलो. हॉस्पिटलपासून पहिल्यांदा हसलो. दोन वर्षं बैठकांना बोलावून, हिचं सगळं ऐकून, माना डोलावून या माणसाला कळलं होतं ते एवढं. जे तिने संपवलं ते त्याला अर्धवट वाटलं, आणि जे तिने दालनासाठी काढलंच नव्हतं तेच तेवढं पूर्ण वाटलं. बहुतेक त्याला असंही वाटलं असेल की ही बिचारी दोन वर्षं गालिचा काढत बसली आणि माणसांपर्यंत पोचेपर्यंत मेली.

मी त्याला सांगितलं. चित्रासमोर उभा राहतो तोच त्या चित्रातला माणूस. म्हणून आत माणूस नाही.

"संकल्पना छान आहे," वर्तुळराव म्हणाला. हा 'छान' म्हणाला की समजायचं, पुढे 'पण' येतंय. "पण लोकांना ते कळणार नाही. लोकांना चेहरा लागतो."

"तुला लागतो."

"काका, भावना समजतो मी..."

"माझ्या भावनेला गोल काढू नकोस."

तेवढ्यात मेहुणी पलीकडून ओरडली, "भाऊजी, ही कोण बया?" ती तिच्या अंधारासमोर उभी होती. अंधाराच्या मध्यभागी एक तरुण मुलगी मांडी घालून, डोळे मिटून बसवली होती. कोपऱ्यातला नारिंगी रंग उचलून तिच्या डोक्यामागे लावला होता.

वर्तुळराव म्हणाला, "या तुम्हीच आहात. म्हणजे, तुमच्यासारख्या."

"मी डोळे मिटल्यावर मला मी कशी दिसेन हो? मला मीच बघायची असते तर आरशासमोर नसते का बसले?" मग जरा जवळ जाऊन म्हणाली, "आणि माझी कंबर एवढी असती तर मी ध्यानाला बसले नसते, भटकले असते."

बाई हसल्या. हसल्या आणि मग हसू थांबवून त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचे डोळे मिटून पाहिलं, उघडून चित्र पाहिलं, मग परत मिटून पाहिलं. म्हणाल्या, "ही माणसं निघतात का?"

निघत होती. वर्तुळरावने नाइलाजाने सांगितलं की माणसं कॉम्प्युटरवर वेगळ्या थरात आहेत, खालचं चित्र जसंच्या तसं आहे. पुन्हा छापून लावता येईल. "पण मग दालनात एकही चेहरा राहणार नाही. निदान दारातला तरी राहू द्या. त्याचे फलक गावभर लागलेत, बसवरही लागलेत. ते काढले तर उद्घाटनच पुढे जाईल."

म्हणजे मी बसच्या पाठीवर शरणागती पत्करून गावभर फिरत होतो, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता सगळं थांबवते. तुमचा हक्क आहे. पण पुढच्या वर्षी हे दालन मिळेल असं सांगता येत नाही, दुसरी प्रदर्शनं रांगेत आहेत. हो म्हणालात तर अकरा चित्रं त्यांनी काढली तशी लागतील. दारातलं राहील."

"मग निदान माझं नेलकटर परत द्या."

वर्तुळराव दचकला. "धर्माच्या दालनाच्या दारात नेलकटर? लोक चिडतील."

"आणि खोटं बोललेलं चालतं?"

"ते खोटं नाही, ते रूपक आहे."

मेहुणीने माझा दंड धरला. "भाऊजी, राहू द्या हो. ताई हे बघून हसून हसून मेली असती." आणि लगेच जीभ चावली.

"ते काम तिने आधीच उरकलंय," मी म्हणालो.

मी दाराकडे पाहिलं. साठ वर्षं मी कुठे मान वाकवली नाही. लग्नात वाकवली नाही, आई गेली तेव्हा वाकवली नाही, मोठमोठ्या लोकांनी डोळे वटारले तरी वाकवली नाही. आणि आता तीन पुरुष उंचीचा होऊन, पायाचा अंगठा धुक्यात लपवून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर वाकून बसायचं. त्याच्या बदल्यात बाकाचा ओरखडा, नाडी, वीण आणि तांबडा अंधार. मी हो म्हणालो. गोल तेवढा पुसून टाकायला लावला. वर्तुळरावला सगळ्यात जास्त दुःख त्याचंच झालं.

उद्घाटनाला भाषणं झाली. एका वक्त्याने माणसंच न दाखवण्याच्या धाडसाचं फार कौतुक केलं, तेव्हा वर्तुळरावने नम्रपणे मान खाली घातली आणि म्हणाला, "ती संकल्पना होती." हे आम्ही दोघंही मान खाली घालून ऐकत होतो, तो व्यासपीठावर आणि मी दारात. बऱ्याच लोकांनी दालनात फेरी मारली आणि "आत काही नाहीये" म्हणत बाहेर आले. दारातल्या माझ्यासमोर मात्र थांबले. एका जोडप्याने माझ्यासोबत फोटो काढला, म्हणजे भिंतीवरच्या माझ्यासोबत. मी खरा शेजारी उभा होतो, मला म्हणाले जरा बाजूला व्हा. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "चेहऱ्यावर किती समाधान आहे."

"नख नीट निघालं होतं," मी म्हणालो. ती दूर सरकली.

तो म्हातारा सुतारही आला होता. बाकाच्या पाठीसमोर उभा राहिला. बराच वेळ गेला. मग त्याने आपोआप गुडघे जरासे वाकवले, बसायला बाक मागे आहे असं समजून, आणि पडता पडता सावरला. मला बघून ओशाळला. "सवय," म्हणाला. त्या दिवशी दालनात आलेल्या सगळ्या शहाण्यांमध्ये हिचं चित्र तेवढ्या एकाला नीट कळलं, आणि तोही पडणार होता.

बारावी जागा शेवटच्या भिंतीवर आहे. खाली पाटी आहे: काहीच न मानणारे. वर कोरा पांढरा पुठ्ठा. वर्तुळराव म्हणतो, कोराच राहू दे, काही मानत नाहीत तर काही दिसत नाही, उत्तम बसतं. लोकही माना डोलावतात. मी बाईंना सांगितलं, ते कोरं नाही, ते राहिलेलं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या म्हणाल्या, मग कुणाकडून काढून घेऊ या? वर्तुळराव लगेच म्हणाला, तो करून देईल. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

हिने विचारलं होतं त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. मी खिडकीशी बसतो. समोर तिचं उतरतं टेबल आहे. त्याच्या कडेला निळ्या रंगाचे बोटांचे ठसे आहेत. स्टूल आहे, त्याची गादी डाव्या बाजूला दबली आहे, कारण ती एक पाय दुमडून त्याच्यावर बसायची आणि मी सांगून थकलो होतो की कंबर जाईल. बरणीत ब्रश आहेत, त्यातला एक वाकडा. एवढं दिसतं. रोज तेवढंच दिसतं, आणि मी बराच वेळ बघतो.

एकदा मी स्वतः कागद घेऊन बसलो. स्टूल कुत्र्यासारखं आलं. कागद फाडून टाकला.

बारावं चित्र काढायचं राहिलं आहे.